ट्रामवाल्याच्या गळ्यातलं कव्हर

मी कॅमेऱ्याचं कव्हर बोलतोय. कॅमेरा नव्हे, कव्हर. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण चारचौघांत माझी ओळख कायम चुकीचीच करून दिली गेली. "वा, काय कॅमेरा आहे!" म्हणत लोक बोट माझ्यावर ठेवायचे आणि मान ताठ व्हायची आत बसलेल्या त्या गृहस्थाची. मी त्याला साहेब म्हणतो. फोटो साहेबांनी काढले, धक्के मी खाल्ले. गर्दीतली कोपरं मला लागली, पावसाचं पाणी मी प्यायलो, एका बाईंच्या किटलीतून सांडलेलं दूधही मीच अंगावर घेतलं. साहेब आत मखमलीवर सुखरूप. तरी मी तक्रार करायला बसलेलो नाही. म्हणजे थोडी करणार आहे, पण मूळ गोष्ट वेगळी आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे ओलं कातडं लाकडी साच्यावर ताणून बसवायचे आणि तसंच वाळू द्यायचे, म्हणजे त्याला कॅमेऱ्याचा आकार यायचा. भिंगाच्या जागी माझ्या तोंडावर एक लांबोडकं नाक आलं. मागे दोन टिचबटणं, आत गर्द लाल मखमलीचं अस्तर आणि बुडाला एक स्क्रू, साहेबांना जागेवर धरून ठेवायला. शेवटी दोन्ही कानांत लांब पट्टा अडकवला आणि मी कामावर रुजू व्हायला तयार झालो.

माझी घडण जरा नीट समजून घ्या. फोटो काढायचा झाला की माझं तोंड उघडून पुढे खाली सोडतात. मग मी साहेबांच्या खाली उलटा लोंबकळतो आणि माझं नाक फिरून फोटो काढणाऱ्याकडे होतं. म्हणजे साहेब ज्या क्षणी जगाकडे बघतात, त्याच क्षणी मी त्यांच्यामागच्या माणसाकडे बघतो, तेही खाली डोकं वर पाय. साहेबांनी अख्खं शहर पाहिलं. मी एकाच माणसाचा चेहरा पाहिला.

तो चेहरा आमच्या मालकांचा. मालक ट्राम चालवायचे. दिवसभर पुढच्या काचेमागे उभं राहायचं, शहर आपल्या पायाने समोरून चालत येणार, आणि हात मात्र हँडलला जखडलेले. "डोळ्यांसमोरून रोज इतकं जातं, आणि ठेवता काही येत नाही," अशी हळहळ ते डेपोजवळच्या फोटोवाल्यापाशी करायचे. फोटोवाला त्यांचा मित्र. त्याने एक दिवस वैतागून साहेबांना आणि मला त्यांच्या गळ्यात घातलं. "घे बाबा, आणि माझं डोकं खाणं बंद कर," म्हणाला. त्याचं डोकं खाणं काही बंद झालं नाही, उलट वाढलं. पण आमची भटकंती सुरू झाली.

सुट्टीच्या दिवशी माणसं घरी पाय पसरून बसतात. मालक सुट्टीच्या दिवशी ट्राममध्येच बसायचे, फक्त उतारू म्हणून. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, मध्येच कुठेतरी उतरायचं, रुळांच्या कडेने पायी चालायचं, पुन्हा चढायचं. त्यांना पुतळे, कारंजी, मोठ्या इमारती यांत काडीचा रस नव्हता. गुंडाळलेली गादी घेऊन चढणारा गादीवाला आणि त्याच्याशी हुज्जत घालणारा कंडक्टर. स्टॉपवर उभ्या उभ्या डुलकी घेणारी नर्स. काचेवरच्या वाफेत बोटाने गणित सोडवणारी मुलगी. ट्रामची घंटा ऐकून कात्री हातात घेऊन दारात आलेला न्हावी, आणि आत खुर्चीत मान वळवून बघणारं त्याचं अर्धवट कापलेलं गिऱ्हाईक. असले फोटो.

आणि फोटो काढताना त्यांचा चेहरा! डावा डोळा गच्च मिटलेला, उजवी भुवई कपाळात, जिभेचं टोक दातांत धरलेलं, श्वास रोखलेला. सुईत दोरा ओवणारं लहान मूलच म्हणा ना. कळ दाबली की सगळा चेहरा एकदम सैल व्हायचा आणि ते हळूच म्हणायचे, "हं, झालं." आजूबाजूच्यांना वाटायचं, आपल्यालाच काहीतरी म्हणाले. एकदा एक आजोबा उठून ट्राममधून उतरूनसुद्धा गेले. हा चेहरा कुठल्याही फोटोत नाही. तो मी एकट्याने पाहिला आणि मला तो फार आवडायचा.

एक गोष्ट मात्र होती. साहेबांना ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. "दुसऱ्याचा हात लागला की वस्तू बिघडते," हे त्यांचं ठाम मत. एरवी माणूस अगदी देवमाणूस, कुणी मागितली तर डोक्यावरची छत्री देईल. पण कॅमेरा म्हटलं की मूठ आवळलीच.

आता घराबद्दल. घर रस्त्याच्या कोपऱ्यावर, दुसऱ्या मजल्यावर. ट्रामचे रूळ बरोबर गॅलरीखालून वळायचे. वळणावर मालक पायाखालच्या घंटेवर दोन ठोके द्यायचे, ठण ठण, की बाई हातातलं काम घेऊन गॅलरीत यायच्या. बाई म्हणजे मालकीणबाई. त्या पडद्यांच्या दुकानासाठी घरी शिवणकाम करायच्या, त्यामुळे कधी मांडीवरचा पडदा तसाच ओढत यायच्या, कधी दातांत टाचणी असायची. त्या वरून बघायच्या, मालक खालून मान वर करून बघायचे, आणि ट्राम वळून निघून जायची. दिवसातून कितीतरी वेळा. खालचा पानवाला एकदा म्हणाला होता, "यांचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, अजून बघण्याचा कार्यक्रमच चालू आहे."

लग्न कचेरीत झालं होतं. त्या दिवशीही कॅमेरा मालकांच्याच गळ्यात. सही करतानाच्या बाई, साक्षीदार, शिक्का मारणारा कारकून, कचेरीबाहेर चपला शोधणारे सासरे, सगळ्यांचे फोटो आहेत. नवरा तेवढा नाही. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी काढतोय ना," मालक म्हणाले.

हे उत्तर पुढे घरात इतक्या वेळा ऐकलं की पाठ झालं. मुलगी झाली, तिच्या पहिल्या पावलाचा फोटो निघाला. "आणि तुम्ही?" "मी काढतोय ना." मुलीचा शाळेचा पहिला दिवस, बाईंचं नवं शिलाई मशीन, पाहुण्यांचा घोळका. "अहो, आपल्या दोघांचा एक तरी काढून घ्या कुणाकडून तरी." "घेऊ, घेऊ. पळून चाललोय का मी?" बाई मग मशीनचं चाक जरा जोरात फिरवायच्या. मी खुंटीवरून ऐकत असे.

आणखी एक छोटी गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचा घोटाळा तिच्यामुळेच झाला. रोल संपला की तो उलटा गुंडाळून डबीत घेतात. फोटोवाल्याच्या बोटांना सांधेदुखी, बंद डबी फोडताना त्याचा जीव जायचा. म्हणून तो मालकांना म्हणाला, "सगळा आत घेऊ नकोस. फिल्मची जीभ बाहेर राहू दे, म्हणजे मला ओढता येईल." आता जीभ बाहेर असलेला रोल दिसतो हुबेहूब नव्या रोलसारखा. मग वापरलेला ओळखायचा कसा? मालकांनी युक्ती काढली. वापरलेल्या रोलच्या जिभेचं टोक ते दुमडून ठेवायचे. दुमडलेला म्हणजे झालेला, सरळ म्हणजे कोरा. युक्ती चांगलीच होती. फक्त ती त्यांनी घरात कुणाला सांगितली नव्हती, कारण कॅमेऱ्याला दुसरा हात लागायचा प्रश्नच नव्हता.

मग एक दिवस शहराने ठरवलं की ट्रामा बंद करायच्या. रस्ते अरुंद, मोटारी फार, रूळ मध्ये येतात. मालकांना बसच्या डेपोत बसून करायचं काम मिळणार होतं, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. पण माणूस आतून हलला. शेवटच्या आठवड्यात त्यांनी रोज कामाच्या आधी नि नंतर फोटो काढले. मी गळ्यात होतो, मला ठाऊक आहे. इतके दिवस ते ट्राममधल्या माणसांचे फोटो काढायचे, आता पहिल्यांदा ट्रामचे काढले. घासून चकचकीत झालेलं हँडल. वरची तार. डेपोत ओळीने उभ्या असलेल्या गाड्या. लाकडी बाकावर कुणीतरी कोरलेलं बदामाचं चित्र. आणि एका सकाळी ते समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले आणि आपल्याच गॅलरीकडे साहेबांना रोखून ओरडले, "अगं, जरा बाहेर ये! रोज उभी राहतेस तशी उभी राहा."

बाई ओलं फडकं हातात घेऊनच आल्या. "केस तरी विंचरू द्या!"

"नको, अशीच. रोजच्यासारखी."

त्या कठड्यावर वाकल्या, फडक्याचा हात बाहेर, आणि खाली बघून हसल्या. मग सवयीने म्हणाल्याच, "आणि तुम्ही?"

मालक काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे. मी त्या वेळी त्यांचा चेहरा बघत होतो. डोळा मिटलेला, जीभ दातांत, आणि कळ दाबायला पहिल्यांदाच उशीर लावला. "हं, झालं," ते म्हणाले. त्या फोटोबरोबर रोल संपला. घरी येऊन त्यांनी तो काढला, जिभेचं टोक दुमडलं आणि खणात ठेवला. उद्या ट्रामचा शेवटचा दिवस, परवा फोटोवाल्याकडे द्यायचा, असा बेत.

शेवटच्या दिवशी दुपारची पाळी होती. सकाळी मालक गाढ झोपले होते. बाई खणासमोर उभ्या राहिल्या आणि मला खुंटीवरून काढलं. त्यांचे हात माझ्यावर पहिल्यांदाच असे पडले, सराईत शिवणारीचे, कातडं कुठे जाड कुठे पातळ हे चटकन ओळखणारे. त्या माझ्याशी बोलल्या, निदान मला तसं वाटलं. "आज शेवटची ट्राम हे चालवणार," त्या पुटपुटल्या, "आणि त्यांचा एकही फोटो नको?"

रोल कसा भरतात हे त्यांनी कितीदा तरी बघितलं होतं. खणात एकच रोल होता, जीभ बाहेर काढून बसलेला. जिभेचं टोक दुमडलेलं होतं. आता जन्मभर कापड हाताळलेल्या बाईला दुमडलेलं टोक दिसलं की ती काय करणार? तिने ते नखाने दाबून सरळ केलं. पडद्याची मुडप सरळ करतात तसं, नीट न बघतासुद्धा. आणि रोल साहेबांच्या पोटात गेला. मी खालून बघत होतो. मला तोंड आहे, पण तुम्ही बघताच आहात, ते बोलण्याचं नाही.

त्या दिवशी बाईंनी जिवाची हौस करून घेतली. मालक पालथे झोपलेले. मालक दाढी करताना, गाल फुगवलेला. दाराशी त्यांचे बूट. खुंटीवरची टोपी. मालक विचारायचे, "काय चाललंय तुझं मागे मागे?" तर बाई कॅमेरा पदराआड घ्यायच्या. आणि बाईंचा चेहरा? त्या दोन्ही डोळे मिटायच्या हो! कळ दाबताना दोन्ही डोळे मिटून घ्यायच्या आणि मग घाबरून उघडायच्या. मला हसू आवरेना.

संध्याकाळी शेवटची ट्राम आली. माणसं पायऱ्यांना लोंबकळत होती, टपावरसुद्धा चढली होती. मुलगी आत होती, वडिलांच्या मागे उभी, हा मान तिने आठवडाभर आधी मागून घेतला होता. बाई एकट्या गॅलरीत. वळणावर घंटा झाली, ठण ठण. मालकांनी मान वर केली. बाईंनी साहेबांना डोळ्याला लावलं, आणि रोलमधल्या त्या शेवटच्या एका फोटोला त्यांनी डोळे उघडे ठेवले. मी पाहिलंय. पाण्याने भरलेले होते, पण उघडे होते.

दुसऱ्या दिवशी मालक उठायच्या आत बाई रोल फोटोवाल्याकडे देऊन आल्या. संध्याकाळी मालकांनी खण उघडला.

"माझा रोल कुठे आहे?"

"तुमचा कुठला? एकच होता, तो माझा," बाई हसत म्हणाल्या. "थांबा, गंमत आहे."

"त्याचं टोक दुमडलेलं होतं का?"

"हो, मुडपलं होतं. मी केलं सरळ."

मालकांनी मला गळ्यात अडकवलं, नुसतं सवयीने, आणि तसेच धावत निघाले. बाई मागून. फोटोवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत प्रिंट दोरीवर चिमट्यांनी लटकत होते, अजून ओले. फोटोवाला बिचारा डोकं खाजवत उभा होता. "अरे, हे काय केलंत दोघांनी? एकाच ताटात जेवलात की! एकावर एक सगळे."

डेपोच्या रुळांवर मालक पालथे झोपले होते. दाढीच्या फेसातून विजेची तार गेली होती. ट्रामच्या हँडलवर टोपी, बाकावर बूट, सगळं फिकट, धुरकट, एकात एक मिसळलेलं. मालकांनी पहिले चार-दोन बघितले. पुढचे बघितलेच नाहीत.

"अहो, मला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या.

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडणं संपतं तरी. ते एवढंच म्हणाले, "ट्रामा आता परत येणार आहेत का?" आणि फोटोवाल्याला म्हणाले, "फेकून दे सगळे." मग ते चालत घरी गेले. ट्राम नव्हतीच.

बाई तिथेच थांबल्या असणार, कारण फोटोवाल्याने त्यांना एक प्रिंट दिला. तो मला नंतर दिसला. त्या दिवसांत माझी एक शिवण उसवली होती. मालक कामावर गेलेले असताना बाईंनी साहेबांना बाहेर काढून ठेवलं आणि मला मांडीवर घेतलं. शिवण पक्की केली. मग अस्तर एका बाजूने उकललं, तो फोटो आत सरकवला आणि अस्तर परत शिवलं. पण कसं? कच्चा धावदोरा घातला, पडद्याचं माप बघायला घालतात तसा, लांब लांब टाके. आणि शेवटी दोऱ्याची छोटी शेपटी मोकळी सोडली. बाईंच्या हातचं पक्कं काम मला ठाऊक होतं, अंगावर होतं. हा टाका उसवण्यासाठीच घातलेला होता.

"राग गेला की घेतील कॅमेरा हातात," त्या म्हणाल्या. "तेव्हा दिसेलच. मी का दाखवायचा? चूक झाली माझी, गुन्हा नाही केला."

अशी ती दोघं हट्टी. राग तर चार दिवसांत गेला. बोलणं सुरू झालं, हसणं सुरू झालं, संसार रुळावर आला. पण मालकांनी कॅमेरा काही हातात घेतला नाही. मी कपाटावर गेलो. बाई अधूनमधून मला खाली काढून पुसायच्या आणि सहज सुचल्यासारखं म्हणायच्या, "अहो, बाजारात जायचंय, कॅमेरा घेता का?"

"आता काय काढायचं?" मालक म्हणायचे.

बाई मला परत वर ठेवायच्या. मला दर वेळी वाटायचं, आज सांगतील. दर वेळी त्यांचं बोट अस्तरावरून फिरायचं, शेपटीपाशी थांबायचं, आणि त्या टिचबटण लावून टाकायच्या. माझ्या पोटात त्यांचं गुपित आणि माझ्या तोंडाला कुलूप. खालून आता बस जायची. तिला घंटा नव्हती. तरी बाई कधीकधी उगीचच गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या.

वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, शिकली, तिचं स्वतःचं घर झालं. एकदा येऊन ती साहेबांना घेऊन गेली. "बाबा, माझ्या हॉलमध्ये शोभेल." साहेब शोकेसमध्ये जाऊन बसले, काचेआड, दिव्याखाली. मला इथेच ठेवलं, कारण मी भेगाळलो होतो. हीच ती तक्रार. झाली करून.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. कपाटावरून मला फार काही दिसलं नाही, ऐकू मात्र सगळं आलं. मशीन बंद झालं ते मला आधी कळलं.

मुलीने वडिलांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. घर आवरायला आली तेव्हा ती एकच गोष्ट शोधत होती. खण उपसले, पेट्या उघडल्या. शेवटी जमिनीवर बसली. "बाबा, तुमचा दोघांचा एकही फोटो नाही? एकसुद्धा?"

"नाही," मालक म्हणाले.

"आईचे इतके आहेत. तुमचा ओळखपत्रावरचा आहे. मी घेते कुणाकडून तरी जोडून. आता कॉम्प्युटरवर कळतसुद्धा नाही, शेजारी उभे केलेत म्हणून."

मालकांनी उपसलेला एक खण परत आत ढकलला. मग म्हणाले, "नको गं. ती माझ्या शेजारी उभी राहायला तयार होती जन्मभर. मीच कधी उभा राहिलो नाही. आता खोटं कशाला?"

मी हे ऐकत होतो आणि माझ्या पोटात तो फोटो होता. माझ्यावर काय वेळ आली असेल विचार करा. त्यात भर म्हणून मुलीने स्टुलावर चढून मला खाली काढलं, बोटांनी चाचपलं आणि "हे गेलंच आता" म्हणून टाकायच्या पिशवीत घातलं. खाली एक फुटकी बादली, वर जुने हँगर. पिशवी दाराशी गेली. सफाईवाला जिन्यात येऊन उभा होता. बाईंचा टाका आता उकिरड्यावर उसवणार, असं मी धरून चाललो.

पण मालकांची नजर माझ्या पट्ट्यावर गेली. पिशवीतून बाहेर लोंबत होता तो. त्यांनी येऊन पट्टा ओढला, हँगरसकट मला बाहेर काढलं आणि सवयीने गळ्यात घातलं. अंगठ्याने टिचबटणं उघडली. इतक्या वर्षांनी माझं तोंड खाली पडलं आणि मी मालकांना पाहिलं. म्हातारे झाले होते. मीही झालो होतो म्हणा.

ते बोटांनी रिकामी जागा चाचपत होते, साहेब बसायचे ती. बोट अस्तरावर थांबलं. मागे गेलं. पुन्हा आलं.

"हा दोरा तिचा आहे," ते म्हणाले.

"आईने दुरुस्त केलं असेल," मुलगी म्हणाली.

"दुरुस्तीला ती असा टाका घालायची नाही. हा उसवायचा टाका आहे." त्यांनी शेपटी चिमटीत धरली आणि ओढली. दोरा सरसर निघाला, कुठेही न अडकता. बाईंचं काम होतं ते.

फोटो वाकला होता, कडेला पिवळा पडला होता. दोघं खिडकीपाशी गेली. गॅलरीच्या कठड्यावर वाकलेल्या बाई, हातात ओलं फडकं, खाली बघून हसताहेत. आणि त्यांच्या खाली, त्यांच्याच अंगातून आरपार, ट्रामची पुढची काच, काचेमागे टोपी घातलेले मालक, मान वर करून बघताहेत. सरळ बाईंकडे. फडकं बरोबर टोपीवर आलेलं, टोपीवरची धूळ पुसावी तसं. आणि मालकांच्या खांद्यामागे एक पांढरी रिबीन.

"ही मी!" मुलगी ओरडली. "बाबा, ही माझी रिबीन!"

मालक फोटो जवळ नेत होते, लांब नेत होते. मग खाली बसले. "मी हा बघितलाच नव्हता," ते म्हणाले. "पहिले चार-दोन बघितले आणि म्हटलं, सगळे खराब. एकच काय ते मागितलं होतं गं तिने. आणि तिनेच काढून, शिवून ठेवला, माझी वाट बघत. आणि मी म्हणत राहिलो, आता काय काढायचं."

मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दोघंही रडली. दाराशी सफाईवाला पिशवी घेऊन अवघडून उभा होता, तो हळूच निघून गेला. मी पिशवीत नव्हतो.

आता माझ्या पोटात काही नाही. साहेबांना माझी गरज नाही आणि माझं बटणही सैल झालंय, लावलं तरी तोंड उघडं पडतं. कुठे ठेवाल तिथे राहीन. माझं मागणं असलंच तर एवढंच आहे: तुमच्या घरातही कुणीतरी असेल, कायम फोटो काढणारं, म्हणून कायम फोटोत नसलेलं. एकदा त्याच्या हातातून कॅमेरा काढून घ्या. बिघडत नाही. बिघडला तर बिघडू द्या.

त्या संध्याकाळी आम्ही बसने मुलीच्या घरी निघालो. फोटो मुलीच्या पर्समध्ये, मी मालकांच्या गळ्यात, रिकामा, तोंड उघडं टाकून. बस त्याच रस्त्याने निघाली, जिथे डांबराखाली अजून रूळ आहेत म्हणतात. कोपरा जवळ आला तसे मालक दांड्याला धरून उभे राहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, बसा ना, स्टॉप लांब आहे." त्यांनी ऐकलं नाही. बस वळायला लागली आणि त्यांचा उजवा पाय पायाखालच्या फळीवर पडला, घंटेवर पडायचा तसा, दोनदा.

मग त्यांनी मान वर केली. गॅलरी रिकामी होती. मी खालून त्यांचा चेहरा बघत होतो. डोळा मिटलेला नव्हता, जीभ दातांत नव्हती. तो फोटो काढणाऱ्याचा चेहरा नव्हताच. त्या प्रिंटमधला होता, टोपीखालचा, खालून वर बघणारा. बस वळली. "हं, झालं," ते हळूच म्हणाले आणि बसले.

तो चेहरा टिपायला गॅलरीत कुणी नव्हतं, आणि साहेब काचेच्या कपाटात होते. मी तेवढा होतो. माझ्यात रोल बसत नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवलं.